घरचा गोडा मसाला ऑनलाइन विकायचा आहे. जीएसटी लागेल का, आणि हातात काही उरतं का?

ताई, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकणार असाल तर सुरुवातीला जीएसटीशिवाय चालतं. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून पॅनवर जीएसटी पोर्टलवरून नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या साइटवर वस्तू विकता येतात. अट एकच, माल राज्याबाहेर जाता कामा नये. बेळगावहून ऑर्डर आली तर हा क्रमांक पुरत नाही. खाण्याचा पदार्थ असल्यामुळे एफएसएसएआय (केंद्र सरकारची अन्नसुरक्षा संस्था) कडची नोंदणी मात्र हवीच; तो १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो.

आता उरण्याचं बोलू. खरा पैसा खातं ते कुरिअर. बहुतेक कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि प्रत्यक्ष वजन व हा आकडा यांतला जो जास्त, त्याचे पैसे लावतात. पाव किलो मसाला ३० × २० × १५ च्या खोक्यात घातलात की वजन धरलं १.८ किलो! चपटं पाकीट, बाहेरून साधी कुरिअर पिशवी, बास. आणि एकेका पाकिटापेक्षा तीन-चारचा संच विका.

कॅश ऑन डिलिव्हरी शक्यतो नको. लोक दारातून परत पाठवतात, आणि स्वतःच पाठवत असाल तर जाण्याचं भाडं तरी तुमच्या बोकांडी बसतंच. आधी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग लावा, सोसायटीत, भिशीत पाठवा. ‘घरबसल्या लाखो कमवा’वाल्या कोर्सला दमडी देऊ नका, त्यापेक्षा चांगलं सीलिंग मशीन घ्या.