प्लॅनिंग बोर्डावर नव्याने बसताना

न्यू जर्सीतल्या आपल्या टाउनशिपच्या प्लॅनिंग बोर्डावर, म्हणजे बांधकामाचे आणि प्लॉट पाडण्याचे अर्ज तपासणाऱ्या मंडळावर आलीस, छान झालं. नकाशे उघडण्याआधी जागा बघून ये. एकटीच जा, आणि बिल्डर भेटलाच तर हाय-हॅलो करून निघ. पावसानंतर गेलीस तर उत्तम. शेजाऱ्याच्या बेसमेंटमध्ये पाणी कुठून शिरतं ते नकाशापेक्षा चिखल नीट सांगतो.

घड्याळ विसरू नकोस. अर्ज परिपूर्ण ठरला की 10 किंवा कमी प्लॉट पाडण्याच्या प्राथमिक मंजुरीला 45 दिवस, त्याहून जास्त असतील तर 95. अर्जदाराने मुदत वाढवून दिली नाही आणि आपण गप्प बसलो, तर मंजुरी दिलीच असं धरतात! 200 फुटांच्या आतल्या मालकांना 10 दिवस आधी नोटीस गेली का, हे बोर्डाचा वकील बघतो. तरी तूही बघ.

सुनावणीला गर्दी होईल. "शाळा भरलीय, ट्रॅफिक वाढेल." मनापासून ऐक, पण नियमात बसणारा आराखडा तेवढ्यासाठी नाकारता येत नाही, कोर्टात टिकत नाही. झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधता येईल याचे नियम, बदलणं गव्हर्निंग बॉडीच्या, म्हणजे टाउनशिपच्या निवडून आलेल्या मंडळाच्या हातात. घरांच्या प्रकल्पांत रस्त्याची रुंदी, पार्किंग यांची मानकं राज्यभर एकच. तुझा जोर लागतो तो पाण्याच्या निचऱ्यावर आणि व्हेरियन्स (झोनिंगच्या नियमातून सूट) मागितला असेल तिथे. तिथे इंजिनिअरला सोडू नकोस.

एखादी सुनावणी चुकली तर रेकॉर्डिंग पूर्ण ऐक, तसं लेखी दे, मगच मत दे. आणि ग्रोसरीत कुणी अर्जाबद्दल विचारलं, तर भाजीचे भाव काढ.