शेतात सापडलेला गोल दगड डायनासोरचं अंडं आहे का, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात सासऱ्यांच्या शेतात नांगरट करताना वीतभर व्यासाचा, करड्या रंगाचा गोल दगड निघाला. तो डायनासोरचं अंडं असू शकतो का, घरी कसं तपासायचं आणि पुढे काय करायचं?

असू शकतो. हाच प्रश्न पुण्याहून किंवा नाशिकहून आला असता तर फोटोही न बघता मी "नाही" म्हटलं असतं. वरोऱ्याच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही, कारण अंडं ओळखण्याची सुरुवात दगडापासून होतच नाही, ती जमिनीपासून होते.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याचा. हजार अंशांच्या वर तापलेल्या रसात हाडं आणि अंडी टिकत नाहीत. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांच्या गाळात मात्र जीवाश्म मिळतात. मुंबईत मलबार हिल आणि वरळीच्या अशाच गाळात बेडूक आणि कासव सापडलं आहे, डायनासोर नाही. आपल्याला हवा तो थर या सगळ्या लाव्ह्याच्या खाली आहे. त्याला लामेटा म्हणतात. जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लामेटा घाटाचं हे नाव. लाव्हा यायच्या आधी आणि येऊ लागला त्या सुमारास नद्यांच्या काठी, तळ्यांत साचलेला हा गाळ. पश्चिमेकडे तो शेकडो मीटर कातळाखाली गाडला गेला आहे. लाव्ह्याची चादर जिथे संपत येते तिथे, म्हणजे नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत, तो उघडा पडतो.

आणि तुमच्या तालुक्यात तो नुसता उघडा पडलेला नाही, प्रसिद्धही आहे. वरोरा तालुक्यातल्या डोंगरगावला लांब मानेच्या एका शाकाहारी डायनासोरचा सांगाडा सापडला. १९९७ मध्ये त्याचं वर्णन टायटनोसॉरस कोल्बर्टी या नावाने छापून आलं, २००३ मध्ये तो वेगळ्या प्रजातीचा (जीनसचा) ठरून आयसिसॉरस झाला. नावातलं 'आयसि' म्हणजे कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, आय-एस-आय. शेजारचं पिसदुरा तर जीवाश्म झालेल्या शेणासाठी जगभर माहीत आहे. तिथल्या लाल मातीच्या शेतांत हे लांबट गोळे आजही दिसतात. २००५ मध्ये त्यांतून गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण वेगळे काढले गेले, आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं याचा पुरावा मिळाला. तोवर गवत त्यांच्यानंतर आलं असं समजत होते. अंड्यांचंही सांगायचं तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या लामेटामधून मेगालूलिथस मॅटलेयी हा अंड्यांचा प्रकार १९९६ मध्ये नोंदवला गेला आहे.

(गडचिरोलीतल्या सिरोंच्याकडेही डायनासोरची हाडं मिळतात, पण ते खडक ज्युरासिक काळातले, लामेटापेक्षा फार जुने. दोन्हींची सरमिसळ करू नका.)

आता तुमचं शेत. नांगराच्या फाळाला जी लागते ती बहुधा काळी रेगड माती. ती बेसाल्ट झिजून झालेली असते आणि तिच्यात कुठून कुठून वाहत आलेले दगडही असतात. त्यामुळे मातीत काय आहे यापेक्षा मातीखाली काय आहे ते बघा. शेतात विहीर किंवा शेततळं खणलेलं असेल तर बाहेर टाकलेला ढिगारा तपासा. काळा कातळ आणि मुरूमच निघाला असेल तर आशा कमी. लालसर-हिरवट चिकणमाती, चुन्याच्या गाठी असलेला पांढुरका वालुकामय खडक निघाला असेल तर पुढे जायला हरकत नाही. अंडी बहुतेक या पांढुरक्या, चुन्याने बांधल्या गेलेल्या खडकात मिळतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' या संकेतस्थळावर भूवैज्ञानिक नकाशे मोफत आहेत. त्यात आपलं गाव शोधून लामेटाचा पट्टा जवळ आहे का ते पाहता येतं.

मग दगड. गोल दगड बनवण्याचे निसर्गाचे मार्ग पुष्कळ आहेत आणि त्यांतला अंडं हा सगळ्यांत दुर्मीळ. तुमच्या भागात फसवणारे मुख्यतः तीन. पहिला, बेसाल्टचा गोळा. कातळाला आडव्या-उभ्या भेगा पडतात, पाणी मुरून कोपरे आधी कुजतात आणि आत गोल गाभा उरतो. त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. लोक त्यालाच अंड्याचं कवच समजतात. दुसरी, चुन्याची किंवा लोहाची गाठ. ही मातीतच एखाद्या कणाभोवती थर चढत वाढते. तिसरा, पाण्याने घासलेला गोटा. नर्मदेतले गोटे तर इतके सुबक असतात की त्यांचे बाण देव्हाऱ्यात जातात.

आकाराने फसू नका, पण मापं घ्या. लामेटातली टायटनोसॉरची, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची, अंडी जवळपास गोल असतात आणि व्यास साधारण १२ ते २० सेंटीमीटर. मांसाहारी डायनासोरांची अंडी लांबट, ती क्वचित मिळतात. क्रिकेटच्या चेंडूएवढी गाठ किंवा घागरीएवढा गोळा असेल तर सोडून द्या. एवढ्या अवाढव्य प्राण्याचं अंडं एवढंसंच का, असं लोक नेहमी विचारतात. अंडं जितकं मोठं तितकं कवच जाड लागतं, आणि कवच जाड झालं की छिद्रांतून पिल्लाला पुरेशी हवा मिळत नाही, फोडून बाहेर येणंही अवघड होतं. शिवाय खरं अंडं क्वचितच सुबक असतं. वरच्या गाळाच्या वजनाने ते चेपलेलं, तडकलेलं असतं, वरचा भाग बऱ्याचदा गायब आणि खाली फक्त वाटी उरलेली. अगदी गुळगुळीत, बिनभेगेचा चेंडू दिसला की माझा तरी संशय वाढतो.

निर्णय होतो तो कवचावर. सोनाराकडे असतं तसं दहापट भिंग घ्या आणि दगडाची फुटलेली कड शोधा. अंड्याला एकच पातळ कवच असतं, साधारण १ ते ३ मिलिमीटर, सगळीकडे जवळपास सारख्या जाडीचं, आणि आतल्या भरावापासून स्पष्ट वेगळं. आतला भराव बहुधा बाहेरच्या खडकासारखाच असतो, कारण तडे गेल्यावर तोच गाळ आत शिरला. एकात एक अशी बरीच वलयं दिसली तर ती गाठ किंवा पापुद्रे, अंडं नव्हे. कवचाची बाहेरची बाजू झिजली नसेल तर तिच्यावर राजगिऱ्याचे दाणे चिकटवल्यासारखे बारीक उंचवटे दिसतात. कडेवर कवचाच्या जाडीत एकमेकांना लागून उभे असलेले, खालून वर पंख्यासारखे पसरणारे स्तंभ दिसले तर बाब गंभीर आहे असं समजा. कोणत्याही गाठीत ही रचना नसते.

आम्लाची चाचणी लोकांना फार आवडते, म्हणून सांगतो. कवच कॅल्साइटचं असतं, त्यामुळे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फसफसतं. पण चुन्याची गाठही फसफसते आणि खडकातला चुनाही. म्हणजे फसफसलं तर काहीच सिद्ध होत नाही. उलट कवचातल्या कॅल्साइटची जागा सिलिकाने घेतली असेल तर खरं अंडंही गप्प बसतं. ही चाचणी फक्त बेसाल्टचा गोळा बाद करायला बरी, कारण ताजा बेसाल्ट फसफसत नाही. करायचीच असेल तर खिळ्याने आतल्या भागाची चिमूटभर भुकटी काढून तिच्यावर व्हिनेगर टाका. कवचावर आम्ल टाकू नका आणि संडास साफ करायचं द्रावण तर अजिबात नको. ज्या उंचवट्यांवरून प्रकार ओळखायचा तेच विरघळून जातात.

एकच दगड मिळाला की दोन, हेही महत्त्वाचं. टायटनोसॉर उथळ खड्ड्यात अंड्यांचा घोस घालत. २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातली ९२ घरटी आणि त्यांतली २५६ अंडी नोंदवली आहेत. त्याच जिल्ह्यातल्या पाडल्या गावात असे गोल दगड काकड भैरव म्हणून शेताच्या रक्षणासाठी पुजले जात आणि ती अंडी असल्याचं तज्ज्ञांनी सांगितल्याच्या बातम्या त्याच वर्षाच्या शेवटी आल्या होत्या. तेव्हा तुमच्या बांधावर शेंदूर लावलेला गोल दगड असेल तर त्यालाही, घरच्यांना विचारून, भिंगातून बघा.

म्हणून फाळ लागला त्या जागेच्या चारी बाजूंना दोन-तीन मीटर नुसतं चालत बघा. खणू नका. खणल्यावर कोणतं अंडं कशाशेजारी, कोणत्या थरात, कोणती बाजू वर होती हे सगळं जातं. गुजरातमधल्या ढोली डुंगरीच्या एका घरट्यात फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप आणि शेजारी पिल्लाची हाडं सापडली. २०१० मध्ये त्या सापाला सानाजेह हे नाव मिळालं. तो खडक एकसंध राहिला म्हणूनच हे कळलं. सुटी अंडी काढून कुणी कपाटात ठेवली असती तर सापाची हाडं कचऱ्यात गेली असती.

घरात आणलेला दगड धुऊ नका, ब्रशने घासू नका. तडा दिसला तर इन्स्टंट ग्लू लावू नका. तो पुन्हा नीट निघत नाही आणि कवच फोडून येतो. प्रयोगशाळेत पॅरालॉइड बी-७२ नावाचं रेझिन ॲसिटोनमध्ये पातळ करून लावतात, कारण ते हवं तेव्हा परत विरघळवता येतं. मैदानात घरटं उचलायचं तर भोवती चर खणून ते चौथऱ्यावर उभं ठेवतात, आधी ओला टिशू पेपर, मग प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या, आणि प्लास्टर सुकल्यावर खालून कापून उलटं करतात. टिशू विसरला तर प्लास्टर कवचालाच धरतं आणि सोलताना कवच घेऊनच निघतं. हे काम हौसेने करून बघण्यासारखं नाही.

तुम्ही एवढं करा. सापडल्या जागेचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, एक जवळून आणि एक शेताच्या खुणा दिसतील असा लांबून. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपा. किती खोलीवर मिळाला, खाली कोणता खडक, तारीख, हे कागदावर लिहा. नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं मुख्यालय आहे, तिकडे हे फोटो आणि टिपण पाठवा. नागपूर विद्यापीठाचा भूशास्त्र विभागही जवळच आहे. त्यांना पूर्ण दगड लागत नाही. आपोआप सुटून पडलेला नखाएवढा तुकडा असेल तर त्याची ०.०३ मिलिमीटर जाडीची काप काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते स्तंभ आणि हवेच्या नळ्या पाहतात, तिथेच प्रश्न मिटतो. त्या तुकड्यासाठी दगड फोडू नका. सुटलेलेच तुकडे कापसात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि दगडावर व पिशवीवर एकच क्रमांक घाला.