झुकलेलं झाड उलट्या बाजूला पाडता येतं का? (निलगिरी, ४० फूट)

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: उमरेड रोडच्या पुढे तुमचं वावर आहे, धुऱ्यावर (बांधावर) निलगिरी आहे, उंची अंदाजे ४० फूट, बुंध्याचा घेर ४ फूट. जूनच्या वादळानंतर ती पांदणीकडे (शेतांकडे जायच्या वाटेकडे) झुकली आणि शेंडा बुंध्यापासून १० फूट तरी पुढे गेला. वर तार नाही. तुम्हाला झाड पांदणीवर न पाडता उलट आपल्या वावरात पाडायचंय. ट्रॅक्टर घरचा आहे, चेनसॉ भाड्यानं आणणार. झुकलेल्या झाडाला खास काप असतो असं कोणीतरी सांगितलं, तो कोणता, हे विचारलंय.

आधी उत्तर देतो, मग कारण. वावरात ओढू नका भाऊ, पांदणीवरच पडू द्या. रस्ता तासभर अडेल, पलीकडच्या शेतवाल्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. खास काप आहे, पण झाड उलट फिरवायला त्याचा उपयोग नाही. झाड जिकडे निघालंय तिकडे जाताना उभं चिरून तुमच्या अंगावर येऊ नये, त्यासाठी तो आहे.

नागपुरात आणि आजूबाजूला झाडं उतरवायचं काम मी वीसेक वर्षं करतोय. वडील आरामशीनवर होते, त्यांच्यासोबत दोघांनी ओढायच्या करवतीवर हात बसला, मशीन नंतर आली. झुकलेल्या झाडाची भीती मला काटोलकडच्या एका निलगिरीनं घातली. तुमच्याएवढीच जाड होती ती. समोर खाच मारली, मग सरळ झाडामागून कापत गेलो, सगळेच जातात तसा. अर्ध्यावर पोचलो असेन नसेन, आतून कडकड असा आवाज आला आणि खोड उभंच्या उभं आठ-नऊ फूट चिरत वर गेलं. पुढचा अर्धा भाग झाडासोबत खाली झुकला आणि मागचं टोक उसळून माझ्या डोक्याच्या उंचीवरून मागे आलं. मी पाचर घ्यायला डावीकडे वाकलो होतो म्हणून हे लिहायला आहे. मशीन मात्र चेपली.

याला इंग्रजीत बार्बर चेअर म्हणतात, कारण चिरलेला पुढचा, न कापलेला भाग बुडख्यावर न्हाव्याच्या खुर्चीच्या पाठीसारखा उभा राहतो. कारण साधं आहे. झुकलेलं खोड म्हणजे वाकवलेलं धनुष्य. वरच्या, म्हणजे झुकावाच्या विरुद्ध बाजूचे तंतू ताणलेले असतात, खालच्या बाजूचे दाबलेले. जुना झुकाव असेल तर रुंद पानांची झाडं वरच्या बाजूला जास्तीचा ताण धरणारं लाकूडही बनवतात. त्यात निलगिरी जात्याच ताणाची: आरामशीनवर सरळसोट ओंडका नुसता पडून असला तरी त्याची टोकं आपोआप तडकतात. आता लाकूड आडवं तोडायला किती कठीण आणि उभं फोडायला किती सोपं, हे सरपण फोडणाऱ्याला सांगावं लागत नाही. तुम्ही मागून हळूहळू कापता, तेवढ्यात वजन पुढे ओढतं, उरलेले तंतू तुटण्याआधी लाकूड सोप्या वाटेनं जातं, म्हणजे उभं फाटतं. काप जितका सावकाश, तितकी फाटायला सवड जास्त. बोथट चेन म्हणूनच इथे जास्त धोक्याची.

उपाय असा की मागून सुरुवातच करायची नाही. मागची कड सगळ्यात शेवटी.

तुमच्या झाडाच्या मापात सांगतो. घेर ४ फूट, म्हणजे जाडी साधारण १५ इंच. बार (ज्या पट्टीवर चेन फिरते ती) १८ इंचांचा तरी घ्या, म्हणजे एका बाजूनं आरपार जाईल. झुकावाच्या बाजूला खाच मारा, फक्त ३ इंच खोल. जास्त खोल गेलात तर दाबाच्या बाजूत बार अडकतो. तोंड मात्र मोठं उघडा, ७० अंश किंवा थोडं जास्त, म्हणजे झाड जमिनीजवळ येईपर्यंत खाच मिटत नाही आणि बिजागरी लवकर तुटत नाही. बिजागरी म्हणजे खाचेच्या मागे न कापता ठेवायची पट्टी. तिची जाडी खोडाच्या दहाव्या हिश्शाएवढी, तुमच्याकडे दीड इंच. लांबी जाडीच्या ८० टक्के, म्हणजे १२ इंच. १५ इंच खोडाला खाच ३ इंच घेतली की लांबी बरोबर १२ येते, कागदावर गोल काढून बघा.

आता खरं काम. खाचेच्या पातळीत, बिजागरीच्या दोन बोटं मागे, बाजूनं बारचं टोक खोडात घुसवायचं. फुल रेस देऊन आधी टोकाचा खालचा कोपरा लावायचा. टोक पुरेसं आत गेलं की मशीन सरळ करून बार आरपार ढकलायचा. वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उलटी उसळून तोंडाकडे येते. चेनसॉच्या कित्येक अपघातांचं मूळ हेच, त्यामुळे पहिल्यांदाच करत असाल तर आधी आडव्या पडलेल्या ओंडक्यावर दहा वेळा करून बघा, उभ्या झाडावर शिकू नका. बार आरपार गेला की पुढे सरकवून बिजागरी दीड इंचावर आणायची, मग मागे कापत यायचं आणि मागची २ इंच कड सोडून थांबायचं. या क्षणी झाड पुढे बिजागरीवर आणि मागे त्या कडेवर उभं असतं, मधलं सगळं कापलेलं. ते हलत नाही. बार बाहेर काढा, सभोवार बघा, सोबतीला आवाज द्या, पळायची वाट मोकळी आहे ना ते बघा. मग बाजूला उभं राहून बाहेरून ती कड कापा, त्याच पातळीत किंवा बोटभर खाली. टणकन तुटते आणि झाड लगेच जातं. फाटायला त्याला वेळच मिळत नाही.

पळायची वाट सरळ मागे नको. तिरपी मागे, ४५ अंशांनी, आणि ती आधी झुडपं तोडून मोकळी केलेली. बाकी माणसं झाडाच्या दुप्पट उंचीच्या बाहेर, म्हणजे ८० फूट. व्हिडिओ काढणारा पुतण्यासुद्धा.

मशीन नव्हती तेव्हा वडील मंडळी कापाच्या थोडं वर खोडाला साखळी घट्ट गुंडाळून त्यात पाचरी ठोकत, चीर वर जाऊ नये म्हणून. अजूनही ज्या खोडावर मन साशंक असतं तिथे मी ते करतो. बारीक खोडाला, आठ-दहा इंचांच्या, बार घुसवायला जागाच नसते. तिथे खाच लहान घेऊन दोन्ही बाजूंनी तिरपे काप मारतात, मध्ये त्रिकोणी भाग उरतो, मग मागून झटकन. अमेरिकेतल्या ऑरेगॉनमधल्या कूस बे गावाच्या नावानं तो ओळखला जातो. तुमच्या झाडाला त्याची गरज नाही.

आता उलट ओढायचं का नाही, तो हिशेब. झाड पाचरीनं मागे रेटता येतं, पण किती? बिजागरीपासून मागची कड तुमच्याकडे साधारण १० इंच. झाड ४८० इंच. म्हणजे ४८ पट. पाचर एक इंच उचलली तर शेंडा ४ फूट सरकतो. तुमचा शेंडा १० फूट पुढे आहे, म्हणजे झाड फक्त सरळ उभं करायलाच अडीच इंच उचल लागेल, आणि ते अख्खं ओलं वजन उचलून. पाचरीवर पाचर ठेवली की मधली उडून येते. एक-दोन फुटांचा कल असेल तर मी पाचरीवर विश्वास ठेवतो. बाभळीच्या लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या वापरा, लोखंडी पाचरीला चेन लागली तर दात गेलेच समजा.

ट्रॅक्टरचं म्हणाल तर जुलैत काळ्या मातीत रिकामा ट्रॅक्टर उभा राहिला तरी पुष्कळ. दोर झाडाच्या दोन-तृतीयांश उंचीवर बांधावा लागतो, ट्रॅक्टर झाडाच्या उंचीपेक्षा बराच लांब, आणि ताण एक क्षणही सुटता कामा नये. चाक चिखलात फिरलं, दोर ढिला झाला, की झाड बिजागरीवर पुन्हा आपल्या झुकावाकडे बसतं, बिजागरी मोडते आणि मग ते कुठं जाईल ते त्याचं त्याला माहीत. नायलॉनचा दोर तर रबरासारखा ताणतो. तुटला तर चाबूक. पांदणीवर खरंच पाडता येत नसेल (समजा पलीकडे कोणाची विहीर किंवा मोटारीची खोली असेल) तर हायड्रा (फिरती क्रेन) बोलवा, किंवा चढणारा माणूस लावून वरून तुकड्या-तुकड्यानं उतरवा. दोन-तीन दिवसांची मजुरी जाईल, जाऊ द्या.

झुकाव बाजूला असेल तर थोडं वळवता येतं. बिजागरी सारखी न ठेवता झुकावाच्या विरुद्ध बाजूला जाड आणि झुकावाकडे बारीक ठेवायची, दाबाची बाजू आधी कापून तिथे पाचर बसवायची आणि शेवटचा काप ताणाच्या बाजूनं घ्यायचा. कडुनिंबाला हे चालतं, गुलमोहराला नाही. त्याचं लाकूड ठिसूळ, बिजागरी वळायच्या आधीच मोडते. वाळक्या झाडालाही नाही.

एक गोष्ट मात्र मशीन आणायच्या आधी बघा. झुकाव जुना की वादळाचा? जुन्या झुकावाचं झाड वरून पुन्हा सरळ वळलेलं असतं, शेंडा आभाळाकडे. वादळानं झुकलेलं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काठीसारखं सरळ तिरपं असतं, म्हणजे मुळं हललीत. आपल्याकडे काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, नुसती भेग बघून घाबरू नका; पण झुकावाच्या मागच्या बाजूला माती अर्धचंद्रासारखी उचललेली दिसली आणि पाय दिल्यावर दबली, तर मुळांची थाळी सुटलीय. अशा झाडावर बिजागरीचा भरवसा नसतो, आणि पाऊस चालू असताना त्याच्या खाली उभंच राहू नये. गवंड्याचा ओळंबा हातभर समोर धरून दोन बाजूंनी, एकमेकींना काटकोनात, झाड बघा. कुठल्या फांद्यांनी वजन कुठे गेलंय तेही कळेल.

परवानगीचं थोडक्यात. नागपूर शहरात असतं तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागली असती, स्वतःच्या अंगणातलं असलं तरी; २०२१ पासून ५० वर्षं आणि त्यावरच्या झाडांना वारसा वृक्ष धरतात. गावात १९६४ चा कायदा आहे, साग, मोह, आंबा, चिंच यांसारख्या यादीतल्या झाडांसाठी. निलगिरीचं तलाठ्याला विचारून घ्या. आणि धुऱ्यावरचं झाड म्हणजे धुऱ्यापलीकडच्याचं म्हणणं आधी ऐका, नाहीतर लाकूड तुमचं आणि भांडण दोघांचं.

झाड पडल्यावर बुडखा लगेच वेगळा करू नका. मुळांची थाळी उचललेली असेल तर वजन सुटताच ती धाडकन खड्ड्यात परत बसते, बुडखा उभा होतो. त्या खड्ड्यात कोणी उतरलेलं नसावं, आणि कापताना उचललेल्या मातीच्या बाजूला तुम्हीही नसावं. खोड पांदणीच्या दोन्ही काठांवर पुलासारखं टेकलं असेल तर वरून थोडंच कापा, बाकी खालून, म्हणजे बार अडकणार नाही.

ओळंब्यानं बघितल्यावर दोन्ही बाजूंनी फोटो टाका आणि मागच्या बाजूची माती कशी दिसते ते लिहा. थाळी सुटलेली असेल तर माझं म्हणणं बदलेल, मग मशीन नका आणू, हायड्राच.