एका टेबलावर आलेली मेल दुसऱ्या टेबलावर का दिसत नाही?

प्रश्न : मी सकाळी स्वागतकक्षातल्या संगणकावर बसते आणि दुपारनंतर हिशेब विभागातल्या. दोन्हीकडे आउटलुक आहे, मेल आयडी एकच. तरी काही मेल इकडे येतात, काही तिकडे. सकाळी पाठवलेलं उत्तर दुपारी ‘सेंट’मध्ये सापडत नाही. परवा एका ग्राहकाला तेच उत्तर माझ्याकडून दोनदा गेलं. वरिष्ठ म्हणतात, तूच कुठेतरी डिलीट करत असशील. मी खरंच काही डिलीट केलेलं नाही.

उत्तर : तुमच्यावर माझा विश्वास आहे, आणि वरिष्ठांना दाखवायला पुरावाही मिळेल. आउटलुकमध्ये ‘फाइल’, मग ‘अकाउंट सेटिंग्ज’ उघडा. खात्यांची यादी येईल. आयडीच्या पुढे ‘टाइप’ या रकान्यात ‘पॉप’ लिहिलेलं असेल, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. ही दोन मिनिटांची तपासणी दोन्ही संगणकांवर करा.

पॉप ही मेल उतरवून घेण्याची पद्धत १९८४ची. तेव्हा फोनलाइन जोडायची, सर्व्हरवरची, म्हणजे मेल आधी जिथे जमा होते त्या दूरच्या संगणकावरची, टपाल उतरवून घ्यायची आणि लाइन तोडायची, असा रिवाज होता. माणूस एका यंत्रावर बसणार हे गृहीतच होतं. त्यामुळे पॉप मेल उचलून त्या संगणकाच्या डिस्कवर ठेवतं, आणि सर्व्हरवरची प्रत राहू द्यायची की पुसायची हे त्या संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. तुमच्या दोन्ही संगणकांवर ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ला खूण नसणार. दोन्ही आउटलुक दिवसभर उघडे राहिले, तर मूळ सेटिंगप्रमाणे दर ३० मिनिटांनी आपोआप मेल तपासली जाते. ज्याची पाळी आधी आली तो मेल घेऊन गेला, दुसऱ्याच्या हाती काही लागलं नाही. पाठवलेल्या मेलचं तर पॉपला काही देणंघेणंच नाही. ज्या यंत्रावरून उत्तर गेलं, त्याची प्रत त्याच यंत्रावर.

आणखी एक गोष्ट नीट बघा. प्रत ठेवण्याच्या खुणेखाली ‘१४ दिवसांनी सर्व्हरवरून काढा’ अशी दुसरी खूण असते आणि ती बऱ्याचदा आधीपासूनच केलेली असते. दोन आठवडे सगळं सुरळीत दिसतं. मग नवा संगणक येतो, खातं जोडलं जातं आणि चौदा दिवसांपलीकडची एकही मेल तिथे उतरत नाही. माझ्या सुरुवातीच्या नोकरीत एका सहकाऱ्याचं यंत्र बदलायचं होतं. ‘मेल सर्व्हरवर असतातच’ असं मी म्हटलं आणि जुनी डिस्क कोरी केली. सर्व्हरवर जेमतेम दोन आठवड्यांच्या मेल निघाल्या, चार वर्षांचा पत्रव्यवहार गेला. त्यांचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, पुढचं काम घाईने करू नका.

तुम्हाला हवंय ते आयमॅप. १९८६मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ते तयार केलं. यात मेल सर्व्हरवरच राहते आणि प्रत्येक संगणक तिथलंच चित्र दाखवतो. वाचलेली, पाठवलेली, फोल्डरात टाकलेली, सगळी सगळीकडे सारखी. मात्र एका ठिकाणी पुसली की सगळीकडून गेली, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवा.

आता बदल करताना जुनं पॉप खातं काढू नका. आधी दोन्ही संगणकांवरच्या पीएसटी फाइली (आउटलुक उतरवलेल्या मेल ज्यांत साठवतं त्या) आउटलुक बंद करून बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मग मेल सांभाळणाऱ्यांना विचारा की तुमच्या खात्याला सर्व्हरवर जागा किती आहे. ही चौकशी लोक हमखास विसरतात आणि अर्ध्या वाटेत पेटी भरते. जागा पुरेशी असेल तर जुन्या खात्याशेजारी तेच खातं आयमॅप म्हणून जोडा. इनकमिंग पोर्ट, म्हणजे मेल येण्याच्या दाराचा क्रमांक, ९९३; एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर सांकेतिक करण्याची पद्धत, एसएसएल. त्याच वेळी जुन्या पॉप खात्याची आपोआप होणारी तपासणी बंद करा, नाहीतर ते नव्या मेल पुन्हा ओढून नेईल.

मग जुन्या पेटीतल्या मेल नव्या खात्यात न्या. नुसतं ओढलं तर मेल हलते, कंट्रोल दाबून ओढलं तर प्रत होते. प्रतच करा. एका वेळी एका वर्षाच्या घ्या, संपूर्ण पेटी एकदम नको. प्रत्येक वर्षानंतर ब्राउझरमधून वेबमेल उघडून संख्या जुळवा, कारण सर्व्हरवर खरोखर काय पोचलं हे तिथेच कळतं. आउटलुकमध्ये मेल दिसते म्हणजे ती वर चढली, असं नाही. दोन्ही संगणकांवर आधी उतरलेल्या मेलच्या दोन-दोन प्रती होतील, त्या नंतर निवांत काढा.

मेलच्या शेवटी आपोआप येणाऱ्या सह्या दोन्हीकडे वेगळ्या बनवाव्या लागतील, त्या त्या-त्या संगणकावरच राहतात.

प्रश्न : आमच्याकडे आयमॅपच आहे. तरी माझ्या खात्यात ‘सेंट’ आणि ‘सेंट आयटम्स’ असे दोन फोल्डर झालेत. थंडरबर्ड या मेल प्रोग्राममधून पाठवलेली मेल एकात, दुसऱ्या टेबलावरच्या आउटलुकमधून पाठवलेली दुसऱ्यात.

उत्तर : दोन प्रोग्राम एकाच फोल्डरला दोन नावांनी हाक मारत आहेत. कुठला फोल्डर कशासाठी, हे सर्व्हरनेच सांगायची पद्धत २०११मध्ये ठरली, पण जुनी खाती आणि जुने प्रोग्राम अजून आपापल्या नावाने फोल्डर काढतात. वेबमेल जे नाव वापरतं, ते खरं माना. थंडरबर्डच्या खाते सेटिंग्जमध्ये प्रती आणि फोल्डरांचं पान आहे. तिथे ‘पाठवलेल्या मेलची प्रत कुठे ठेवायची’ यात नेमका तो फोल्डर निवडा. ड्राफ्ट्सचंही तिथेच बघून घ्या. मग दुसऱ्या फोल्डरातल्या मेल पहिल्यात हलवा आणि रिकामा झाल्याची खात्री करून तो काढा.

प्रश्न : मेल सगळ्या संगणकांवर येतात, पण दुसऱ्या इमारतीतल्या संगणकावरून जात नाहीत. पासवर्ड तोच आहे.

उत्तर : येण्याचा रस्ता वेगळा, जाण्याचा वेगळा. मेल येतात म्हणजे आयमॅप ठीक आहे, बिघाड एसएमटीपीत, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीत आहे. त्या संगणकावर आउटगोइंग पोर्ट २५ असेल तर तो ५८७ करा आणि एन्क्रिप्शनला ‘स्टार्टटीएलएस’ निवडा. पोर्ट २५ हा सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्याचा. स्पॅम रोखण्यासाठी अनेक नेटवर्कं तो बाहेर जाताना अडवतात. तुमच्या नेहमीच्या इमारतीत तो उघडा असेल, तिथे बंद. काही सर्व्हरना ४६५ लागतो, तेव्हा एन्क्रिप्शन एसएसएल ठेवा. पोर्ट आणि एन्क्रिप्शनच्या या दोन जोड्यांची अदलाबदल केलीत तर प्रोग्राम नुसता वाट बघत बसतो.

याच खिडकीत ‘आउटगोइंग सर्व्हरला ओळख लागते’ अशा अर्थाची खूण असते. ती केलेली आहे ना, हे बघा. ही एक खूण नसल्यामुळे अडलेली टेबलं मी आजवर कितीतरी पाहिली आहेत.

त्या संगणकावर तुमच्याखेरीज आणखी कोणी त्याच लॉगिनने बसत असेल, तर तिथे पासवर्ड जतन करू नका. विंडोजचा तुमचा वेगळा युजर मागून घ्या, आणि तो मिळेपर्यंत वेबमेलवरच काम करून उठताना साइन आउट करा.