बुबुळ बदलून ८ महिने झाले, डोळा लाल झालाय, सोमवारपर्यंत थांबू का?

थांबू नका. आजच निघा, बाकीचं गाडीत बसल्यावर वाचा.

तुम्ही लिहिलंय की वडील धुळ्याजवळ गावी असतात, तीन दिवसांपासून डोळा लाल आहे, उन्हात उघडवत नाही, सकाळी जास्त धूसर दिसतं, पण दुखत फारसं नाही म्हणून सोमवारच्या तारखेपर्यंत कळ काढू म्हणतायत. घरात ड्रॉपची जुनी बाटली आहे, तोवर ती टाकावी का, असंही विचारलंय. मी डॉक्टर नाही. अमळनेर तालुक्यात कापूस लावतो. उजव्या डोळ्यात दुसऱ्या कुणाचा तरी कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा, बसवून मला सहा वर्षं झाली आणि तुम्ही ज्या वळणावर उभे आहात तिथून मी गेलोय.

'दुखत नाही' यावर जाऊ नका. मलाही दुखलं नव्हतं. लाली, उजेड सहन न होणं, नजर कमी होणं, दुखणं, या चारांपैकी एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी यायचं, असं मला सुट्टी देताना सांगितलं होतं. तुमच्या वडिलांना तीन आहेत.

झालं काय असेल? शरीराने परका कॉर्निया ओळखून त्याच्यावर हल्ला केला असेल, ज्याला रिजेक्शन म्हणतात. किंवा टाका सैल झाला असेल. किंवा जंतुसंसर्ग असेल. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, डोळा लाल. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डॉक्टर डोळा मोठा करून बघतात त्या यंत्रावर, बघितल्याशिवाय फरक कळत नाही, आणि इलाज मात्र एकमेकांच्या अगदी उलट. रिजेक्शनमध्ये स्टेरॉइडचे, म्हणजे शरीराचा हल्ला आणि लाली दाबणारे, ड्रॉप वाढवतात. जंतू असतील तर तेच ड्रॉप आगीत तेल. म्हणून जुनी बाटली मनाने सुरू करू नका. डॉक्टरांनी सध्या जे चालू ठेवलंय ते मात्र मनाने बंदही करू नका.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझी नजर गेली ती अशाच बाटलीपायी. पऱ्हाटी उपटताना काडी डोळ्यात गेली. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय ड्रॉप दिला, दोन दिवसांत लाली गेली, मी खूश. आठव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका. काडीबरोबर बुरशी आत गेली होती, आणि ड्रॉपमध्ये स्टेरॉइड होतं. लाली दबली आणि बुरशीला मोकळं रान मिळालं. पुढे बुरशीचं औषध कित्येक आठवडे चाललं, डोळा वाचला पण फूल पडलं, आणि शेवटी कॉर्निया बदलावा लागला.

गंमत बघा, ऑपरेशननंतर हातात पुन्हा स्टेरॉइडचीच बाटली आली. दुधासारखं औषध, हलवून टाकायचं. या वेळी तीच माझा कॉर्निया सांभाळणार होती. सुरुवातीला दिवसातून सहा वेळा, मग कमी करत करत एकवर.

चौदाव्या महिन्यात भाच्याचं लग्न शिरपूरला. चार दिवस तिकडे, बाटली घरी फळीवर. एक थेंब तर आहे, काय होतंय, असं वाटलं. परत आल्यावर माय म्हणाली, "तुना डोया लाल दिखी ऱ्हायना." मी म्हटलं, धूळ असेल. माझा रोजचा एक नेम होता: सकाळी चांगला डोळा तळहाताने झाकायचा आणि दाराच्या चौकटीत उभं राहून समोरच्या भिंतीवरचं कालनिर्णय बघायचं. तारखांचे मोठे आकडे एरवी स्पष्ट दिसायचे. त्या सकाळी आठ आणि शून्य सारखेच दिसले. दोन्ही डोळे उघडे ठेवून हे कधीच कळलं नसतं, कारण चांगला डोळा सगळं झाकून नेतो. तरी पेरणी आहे म्हणून मी दोन दिवस काढले. तेवढी माझी चूक.

तपासल्यावर रिजेक्शनच निघालं. मग दर तासाला ड्रॉप, बायकोने फोनवर गजर लावले होते. आठवड्याने आकडे परत दिसायला लागले. म्हणजे रिजेक्शन झालं की कॉर्निया वाया गेला असं नाही, वेळेत पकडलं तर बहुतेकदा परततं. पण फुकट परतत नाही. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, तो आतलं पाणी सतत बाहेर उपसतो म्हणून कॉर्निया काचेसारखा राहतो. या पेशी मेल्या की नव्या येत नाहीत. प्रत्येक हल्ल्यात थोड्या जातात. वडिलांना सकाळी जास्त धूसर दिसतं त्याचं कारणही तिथेच असू शकतं: रात्रभर डोळा मिटलेला, पाणी साठतं, दिवसा उघडा राहिला की थोडं उडून जातं.

टाक्याचं थोडक्यात. धागा केसापेक्षा बारीक नायलॉनचा, वर्षभर किंवा त्याहून जास्त राहतो. सैल झाला की खडा गेल्यासारखं टोचतं, तिथून जंतू शिरतात, रक्तवाहिन्याही कॉर्नियात घुसतात आणि रिजेक्शनला रस्ता मिळतो. बधिर करायचा ड्रॉप टाकून डॉक्टर मिनिटभरात तो काढतात. घरात कुणी चिमट्याने ओढायला जाऊ नये. हसू नका, आमच्या भावकीत हा सल्ला मिळालाय मला.

आणखी एक विचारून घ्या: डोळ्याचं प्रेशर. साधारण १० ते २१ चालतं. स्टेरॉइडने ते काहींना चढतं, कळत नाही, दुखत नाही, आणि आतली नस गेली की कॉर्निया स्वच्छ असूनही दिसत नाही. माझं एकदा ३० झालं होतं, वेगळा ड्रॉप लागला.

पहिला यशस्वी कॉर्निया १९०५ मध्ये एडुआर्ड झिर्म या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बसवला, चुन्याने दोन्ही डोळे भाजलेल्या एका मजुराला. दोन्ही डोळ्यांत बसवला होता, एक बिघडला, एक टिकला. डॉक्टर एकच, पेशंट एकच. तेव्हा वडिलांनी हयगय केली असेलच असं धरून त्यांना बोलू नका. सगळे ड्रॉप नेमाने टाकूनही रिजेक्शन होतं.

ऑपरेशन केलेलं हॉस्पिटल लांब असेल तर आधी तिथे फोन करा. आज पोहोचणं जमत नसेल तर धुळ्यात स्लिट लॅम्प असलेल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तरी आजच दाखवा. सुट्टीचं कार्ड आणि घरातल्या सगळ्या बाटल्या, ती जुनीसुद्धा, पिशवीत घ्या. काळा चष्मा लावून खिडकीपासून दूर बसवा, वाटेत डोळा चोळू देऊ नका. बाटल्या गाडीच्या काचेजवळ तापत ठेवू नका, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मी प्रवासात ओल्या रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवतो.

तपासून आलात की काय निघालं ते खाली लिहा. तासाला ड्रॉप सुरू झाले असतील तर रात्रीच्या गजरांचं कसं जमवायचं ते सांगतो.