शिल्ड नंतर बघू, आधी सगळी पोरं मैदानात आण

प्रिय बाळा,

शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून रुजू झालीस हे वाचून फार बरं वाटलं. बी.पी.एड. करून किती पोरी तासिका तत्त्वावर वर्षंच्या वर्षं काढतात ते बघतेय मी, त्यामुळे तुला पूर्ण पगाराची जागा मिळाली याचा आनंद वेगळाच आहे. तू विचारलंयस की पहिल्या वर्षी कुठला गेम धरू म्हणजे शाळेची टीम जिल्ह्यापर्यंत जाईल. हा प्रश्न तुला मुख्याध्यापकही विचारणार, संस्थेची माणसंही विचारणार, पण मी तुला सांगते की पहिल्या वर्षी तो प्रश्न बाजूला ठेव. शाळेची टीम म्हणजे बारा-पंधरा पोरं, आणि ती पोरं तुझ्याशिवायही खेळणारच आहेत, गल्लीत खेळतील, क्लबात जातील, त्यांना रोखता येत नाही. बाकीची जी शेकडो पोरं पीटीच्या तासाला झाडाखाली बसून असतात त्यांना मात्र तुझ्याशिवाय कोणी नाही. म्हणून आधी वर्गावर्गांच्या मॅचेस नीट बसव.

आता त्या कशा बसवायच्या. बहुतेक शाळांत क्रीडा महोत्सव म्हणजे डिसेंबरात तीन दिवस, सगळं नॉकआउट. नॉकआउटमध्ये पहिल्याच फेरीत अर्धे वर्ग घरी जातात, म्हणजे वर्षभर वाट बघायची आणि दहा मिनिटं खेळून संपलं. तू लीग कर. सातवीचे अ ब क ड इ असे पाच वर्ग धर, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं तर दहा मॅचेस होतात. पाच हा विषम आकडा आहे ते तर फारच छान, कारण प्रत्येक फेरीत एक वर्ग मोकळा राहतो, आणि त्या दिवशी पंचगिरी, वेळ लावणं, गुण लिहिणं सगळं त्या मोकळ्या वर्गाने करायचं. ज्या पोरांना पळायला जमत नाही किंवा आवडत नाही त्यातली किती पोरं गुणपत्रकाला चिकटतात बघ. शिट्टी गळ्यात आली की एखादं गप्प बसणारं पोर असं ठामपणे ‘बाद’ म्हणतं ना, की वर्गशिक्षक बघतच राहतात.

पहिला गेम म्हणून मी खो-खोच सांगेन, दोन खांब आणि फक्की एवढ्यावर होतो, आणि एका मॅचला अठरा पोरं लागतात. वर्गाचा पट 54 असेल आणि मुलं-मुली निम्मे निम्मे असतील तर नऊ-नऊच्या सहा टीम होतात, तीन मुलांच्या, तीन मुलींच्या, आणि एकही पोर बाहेर राहत नाही. सहाच्या सहा टीमचे गुण वर्गाच्या खात्यात धर, म्हणजे तिसऱ्या टीमची मॅचही पहिल्या टीमइतकीच महत्त्वाची होते, आणि मग हुशार खेळाडू स्वतःहून कच्च्या पोरांना शिकवायला लागतात कारण त्यांचाही गुण हवा असतो. टीम पाडताना मात्र पोरांना ‘तुम्हीच निवडा’ असं म्हणू नकोस, शेवटपर्यंत जिचं नाव कोणी घेत नाही ती पोर परत मैदानाकडे फिरकत नाही, हे मी फार बघितलंय. टीम तू आणि वर्गशिक्षक बसून पाडा.

नियमही थोडे बदल. खऱ्या खो-खोत पळणाऱ्यांची तीनची तुकडी बाद होईपर्यंत आत असते, वर्गातल्या मॅचमध्ये काय होतं की चपळ तीन जणी पहिल्या तुकडीत जातात, पाळी संपेपर्यंत बाद होत नाहीत आणि तिसऱ्या तुकडीच्या पोरी मैदानात न उतरताच घरी. म्हणून प्रत्येक तुकडीला दोन मिनिटं दे, दोन मिनिटं झाली की शिट्टी, बाद असो नसो पुढची तुकडी आत. सहा मिनिटांची पाळी, दोन्ही बाजूंची मिळून बारा मिनिटांत मॅच संपते. आणि पाटीवर, म्हणजे पाठलाग करणाऱ्या टीमच्या पोरी बसतात त्या ओळीवर, नीट लक्ष ठेव, सगळं तिथे दिसतं. आठ जणी आलटून पालटून तोंडं करून बसलेल्या असतात, पळणारी अगदी जवळून वळली तरी पाठलाग करणारी त्यातल्या एका पोरीला खो देतच नाही, ती हात टेकून, टाच उचलून तयारच असते बिचारी, आणि पळणारी तिच्या पाठीमागून जाते तरी खो मिळतो तिच्या पलीकडच्या मैत्रिणीला. तर नियम कर की दोन मिनिटांत आठही जणींना निदान एकदा खो मिळाला तर एक गुण जास्त. त्यानंतर ती पोरगी मागे राहत नाही, कारण आता टीमलाच तिची गरज असते.

हिशोब बघ, दहा मॅचेस गुणिले सहा टीम म्हणजे साठ मॅचेस, आकडा ऐकून घाबरशील. पण शनिवारी सकाळची शाळा असते, त्यातले शेवटचे दोन तास सातवीसाठी मागून घे. शेजारी शेजारी दोन मैदानं आखलीस तर दोन तासांत आठ मॅचेस होतात, म्हणजे आठ शनिवारांत सगळी लीग संपते. दिवाळीनंतर सुरू कर, पावसाळ्यात मैदानावर चिखल असतो, तेव्हा व्हरांड्यात नाहीतर हॉलमध्ये दोरीउड्या, बुद्धिबळ, कॅरम, योगासनं घे. आखणी शुक्रवारी संध्याकाळीच करून ठेव, सुतळी ताणून मगच फक्की मार, डोळ्याच्या अंदाजाने मारलेली रेघ वाकडी जाते आणि मग पोरं भांडतात, आणि भांडण खरं असतं कारण रेघच चुकीची असते.

लीगची शेवटची फेरी 15 जानेवारीला ठेवता आली तर ठेव. तो खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, राज्याचा क्रीडा दिन. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान 1948 ला लंडन ऑलिंपिकला सहावा आला आणि 1952 ला हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आला, जाण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून पैसे उभे केले. पोरांना हे सांग. वर्गशिक्षकांच्या कानावरही पडू दे.

स्टाफरूमबद्दल. तुझे पीटीचे तास गणित-विज्ञानवाले मागणार, दहावीचं पोर्शन राहिलंय म्हणून मागणार, त्यांचीही अडचण खरी असते, पण तू दर वेळी देत गेलीस तर तास उरणारच नाही. भांडत बसू नकोस. सत्राच्या सुरुवातीलाच मॅचेसचं वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या सहीने काढून प्रत्येक वर्गात लाव, आणि वर्गशिक्षकांनाच त्यांच्या वर्गाचे मॅनेजर कर. नोटीस बोर्डवर गुणतक्ता लागला आणि आपला वर्ग चौथ्या नंबरवर दिसला की तीच माणसं सोमवारी तुला विचारतील, मॅडम, आमची पुढची मॅच कधी.

मुलींचं वेगळं सांगते, कारण आठवीनंतर मुली मैदानावरून गायब होतात आणि सगळे म्हणतात की त्यांना आवडच नाही. आवड असते गं. स्कर्ट घालून पाटीवर बसायचं कसं हे कोणी विचारतच नाही. मुख्याध्यापकांना पहिल्याच महिन्यात भेट आणि पीटीच्या दिवशी सगळ्या मुलींना ट्रॅकपॅन्ट चालेल असं लेखी घे. स्पोर्ट्स रूमच्या कपाटात सॅनिटरी पॅड ठेव, मागायला यावं लागणार नाही अशा जागी ठेव. आणि पाळीमुळे एखादी नको म्हणाली तर कारण सगळ्यांसमोर विचारू नकोस, तिला गुण लिहायला बसव.

आता शाळेच्या टीमचं थोडक्यात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असा प्रवास असतो, 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट. टीम हरते मैदानावर, पण बाद होते कागदावर. जून-जुलैमध्येच जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेची प्रवेश नोंदवही, काढून प्रत्येक खेळाडूची जन्मतारीख आधारशी ताडून बघ, नावाचं स्पेलिंगसुद्धा, कारण प्रवेशिका भरायची मुदत आली की दुरुस्तीला वेळ नसतो आणि एका पोराच्या तारखेपायी अख्खी टीम घरी बसते. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स फाइलला लाव, दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठी पालक तुझ्याकडेच येणार. बाहेरगावी मुलींची टीम नेताना सोबत बाई हवीच, तू आहेस म्हणून तो प्रश्न सुटतो, पण तू आजारी पडलीस तर कोण जाईल ते आधी ठरवून ठेव.

दमा, फिट, हृदयाचा त्रास असलेल्या पोरांची यादी पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांकडून घे. कोणाला लागलं तर वहीत नोंद कर आणि पोर घरी पोचायच्या आत पालकांना फोन कर. ऊन चढलं की मॅच थांबव, ओआरएसची पाकिटं जवळ असू देत.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नकोस. बाकीचे शिक्षक तुझ्याकडे पोरं पाठवतील, गृहपाठ केला नाही, मैदानाला पाच राउंड मारायला लावा म्हणून. नाही म्हण, नम्रपणे पण नाहीच म्हण. पळणं ही शिक्षा आहे असं एकदा पोराच्या डोक्यात बसलं की तुझी सगळी लीग वाया.

आणि डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे खेळाच्या सामानाची नोंदवही, आधीच्या सरांकडून सामान मोजून, सही घेऊनच ताब्यात घे, न मोजता चावी घेऊ नकोस.

पाचवी ते नववीच्या सगळ्या वर्गांचा पट, मुलं-मुली वेगळे, आणि मैदानाची लांबी-रुंदी पावलांनी मोजून मला पाठव. या रविवारी दुपारी फोन कर, दोघी मिळून पहिल्या सत्राचं वेळापत्रक कागदावर मांडू, सहीला ते सोमवारी नेता येईल.

तुझी,
मॅडम