एचडीपीई पाइपचा जॉइंट का सुटतो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नदीवरून रानात ११० मिमीची एचडीपीईची (काळ्या प्लास्टिक पाइपची) लाइन आणली. पाइपची जाडी ६ मिमी. मशीनवाल्याने एका मशीनवर एका दिवसात साठ जॉइंट मारले, महिन्याभरात तीन सुटले. तो म्हणतो पाइप हलका, दुकानदार म्हणतो जॉइंट कच्चे. खरं कोणाचं? (शिरोळ)

सुटलेलं टोक हातात घ्या आणि उन्हात धरून बघा. तोंड गुळगुळीत असेल, कडेची वळी (वितळून बाहेर आलेल्या मालाची गोल कड) जशीच्या तशी शाबूत असेल, तर ती दोन तोंडं एकमेकांना नुसती चिकटली होती, एकजीव झालीच नव्हती. पाइप हलका असता तर तो बहुधा जॉइंटच्या शेजारी फाटला असता.

साठ हा आकडाही बरंच सांगून जातो. ६ मिमी जाडीच्या पाइपचा जॉइंट नीट करायचा तर टोकं पुसणं, रंधून सपाट करणं, तापवणं आणि थंड होऊ देणं यात १३-१४ मिनिटं जातात. साठांना तेरा तासांच्या वर लागतील. म्हणजे कुठेतरी वेळ कापलाय.

प्लेट, म्हणजे टोकं वितळवणारी मशीनची तापती तबकडी, २०० ते २२० अंश सेल्सिअसवर हवी. आधी दोन्ही टोकं प्लेटवर दाबायची, कडेला सगळीकडून साधारण १ मिमीची वळी उठेपर्यंतच. मग जोर काढून घ्यायचा. टोकं प्लेटला फक्त टेकलेली ठेवायची, सुमारे ६० सेकंद. चूक होते ती इथेच. गडी पूर्ण वेळ मशीनचा दांडा दाबून धरतो, वितळलेला माल बाहेर ढकलला जातो आणि आत जोडायला काही उरत नाही. त्यानंतर प्लेट काढून पाच-सहा सेकंदांत टोकं भिडली पाहिजेत, नाहीतर वितळलेल्या तोंडावर साय धरते. जोरही हळूहळू वाढवायचा. तुमच्या पाइपला तो तोंडावर ३० किलोच्या आसपास पुरतो, पाइप ओढायला लागणारा जोर वेगळा. दोन माणसांनी दांड्यावर रेलायची गरज नाही.

आणि मग आठ-नऊ मिनिटं पाइप धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पला हात लावायचा नाही. मशीनवाला भाडं जॉइंटवर घेतो, म्हणून त्याला ही मिनिटं जड जातात. तुम्ही घड्याळ घेऊन शेजारी उभे राहा. पैसे तुमचे, पाणी तुमचं.

आमच्याकडे जॉइंट लवकर गार व्हावा म्हणून ओलं पोतं गुंडाळतात. चालतं का? (राहुरी)

नाही. बाहेरची कड आक्रसून घट्ट होते, आतला माल अजून मऊच असतो. तो नंतर आकसतो तेव्हा बाहेरचं कवच त्याला जागा देत नाही आणि सांध्यातच ताण अडकून राहतो. जॉइंट त्या दिवशी चांगला दिसतो, पुढे पंप चालू-बंद होताना बसणाऱ्या दणक्यांत दगा देतो. त्याला सावलीत आपला आपण गार होऊ द्या.

थंडीत वारा असतो, म्हणून वेल्डर प्लेट २६० वर ठेवतो. बरोबर आहे? (इंदापूर)

वाऱ्यावर उष्णता वाढवणं हा उपाय नव्हे. एवढ्या तापमानाला पाइपचा माल करपायला लागतो आणि प्लेटवरचा टेफ्लॉनचा थरही खराब होतो. मग माल प्लेटला चिकटतो, गडी तो खरवडतो, थर आणखी जातो. त्यापेक्षा वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधा. पाइपचं दुसरं टोक चिंधीने बंद करा, कारण शंभर मीटरच्या मोकळ्या पाइपातून वारा धुराड्यासारखा वाहतो आणि नेमका तापलेल्या तोंडावर येतो. प्लेट पुसायला सुती फडकं घ्या, पत्रा नको.

एचडीपीईला जुना पीव्हीसी पाइप प्लेटने जोडता येईल का? (राहुरी)

नाही, दोन्हींचा माल वेगळा, ते एकजीव होत नाहीत. शिवाय पीव्हीसी जास्त तापला की घशाला झोंबणारा आम्लाचा धूर निघतो. तिथे फ्लँजच (बोल्टने आवळायची जोडचकती) लावा.

जॉइंट सगळे नीट झाले होते. दुपारी लाइन चरात टाकून दोन्ही टोकं पक्की केली, संध्याकाळी पाणी सोडलं आणि पंपाजवळचा फ्लँज ओढून निघाला. असं का? (पंढरपूर)

यात जॉइंटचा दोष नाही. एचडीपीई दर १० अंशांच्या फरकाला १०० मीटरमागे पंधरा ते वीस सेंटिमीटर लहान-मोठा होतो. काळा पाइप दुपारच्या उन्हात हात ठेववत नाही इतका तापतो, त्यात नदीचं गार पाणी शिरलं. समजा तापमान ३० अंशांनी उतरलं, तर २०० मीटरची मोकळी लाइन जवळपास मीटरभर आखडू पाहते. दोन्ही टोकं बांधलेली असल्यावर ती कमजोर जागा शोधणारच.

पुढच्या वेळी पाइप चरात सरळ ताणून टाकू नका, नागमोडी ठेवा. मधल्या भागावर थोडी माती लोटा, रात्रभर गार होऊ द्या, आणि पंपाकडचा फ्लँज सकाळी उन्हं चढायच्या आत आवळा.